कोयना: पावणेतीनशे कोटी टन पाण्याखालचा खडक

जगभरच्या भूकंपशास्त्राच्या पुस्तकांत कोयनेच्या भूकंपाची तारीख १० डिसेंबर १९६७ अशी छापलेली असते, कारण ग्रीनिच वेळेनुसार तेव्हा रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटं झाली होती. पाटण तालुक्यात मात्र सोमवार उजाडायचा होता. ११ डिसेंबर, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. थंडीचे दिवस, दारं लावलेली, माणसं अंथरुणात. घरं दगड-मातीची. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती आडवा हादरा सोसत नाहीत, त्या उसवतात, आणि मग वरचं छप्पर सरळ खाली येतं. ६.३ तीव्रतेच्या त्या धक्क्यात किमान १७७ माणसं गेली. काही नोंदींत हा आकडा २०० पर्यंत जातो. दोन हजारांहून जास्त जखमी झाले, हजारो कुटुंबं उघड्यावर आली. कोयनेची वीज बंद पडली आणि मुंबई अंधारात गेली.

धरण मात्र उभं राहिलं, आणि त्याबद्दल जितकी कृतज्ञता वाटावी तितकी थोडी. त्याची रचना करताना गुरुत्वाकर्षणाच्या ५ टक्के एवढाच आडवा धक्का धरून हिशेब झाला होता. त्या पहाटे धरणाच्या पोटातल्या गॅलरीत बसवलेल्या यंत्रानं नोंदवलेला सर्वात मोठा धक्का होता ६३ टक्के. १०३ मीटर उंचीच्या त्या रबल काँक्रीटच्या भिंतीला सांडव्याच्या दोन्ही अंगांच्या उंच खंडांवर, जिथे खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो नेमक्या त्याच पातळीवर, आडव्या चिरा पडल्या. पुढे त्या खंडांना खालच्या बाजूनं काँक्रीटचा जाड टेकू देऊन बळकटी आणली गेली. पानशेत फुटून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. कऱ्हाड-सांगलीच्या माणसांनी ती सकाळ कशी काढली असेल, हे वेगळं सांगायला नको.

मग प्रश्न आला, आणि तो अजून विचारला जातो: हा भूकंप धरणामुळे झाला का?

आपल्याकडे याचं तयार उत्तर आहे. "एवढं पाणी साठवलं, त्याच्या वजनानं जमीन खचली." चहाच्या टपरीवर हे ऐकू येतं आणि शिकलेल्या माणसांच्या तोंडीही. या उत्तरातला धरणाचा भाग खरा आहे, पण वजनाचा भाग फसवा आहे. हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं ते त्यासाठीच.

आधी काय घडलं

दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, थंड, जुनी भूमी, असा समज होता. १९६६ च्या भूकंपीय नकाशात कोयनेचा भाग सर्वात कमी धोक्याच्या गटांत होता. १९६२ मध्ये धरणामागच्या तलावात, शिवाजीसागरात, पाणी साठायला लागलं आणि थोड्याच काळात आसपासच्या गावांतून तक्रारी यायला लागल्या: जमिनीतून गडगडल्यासारखा आवाज येतो, भांडी वाजतात. त्या येऊ लागल्यावर पुण्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रानं भूकंपमापक बसवले. कोयनानगर, सातारा, महाबळेश्वर आणि कोकणात गोवळकोट. त्यांच्या नोंदी जमू लागल्या तसं दिसलं की धक्क्यांचे केंद्रबिंदू तलावाच्या आणि धरणाच्या आसपासच गोळा होताहेत.

इथे एक प्रामाणिक अडचण सांगायला हवी. तलाव भरण्याआधी तिथे यंत्रच नव्हतं. सगळ्यात जवळचं पुण्याला होतं. त्यामुळे "आधी इथे बारीक धक्के होतच नव्हते" असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नव्हतं, आणि हा मुद्दा धरून काही शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं कोयनेच्या भूकंपाला नेहमीचा, आपोआप झालेला भूकंपच मानलं. तो आक्षेप वाजवी होता. तो मागे पडला तो पुढच्या पन्नास वर्षांच्या नोंदींमुळे.

१३ सप्टेंबर १९६७ ला ५ च्या वरचा एक धक्का बसला. त्या वर्षी पावसाळ्यानंतर तलावाची पातळी नेहमीपेक्षा जास्त काळ वर राहिली. आणि मग डिसेंबर आला.

मोठ्या धक्क्यानंतर धरणाच्या दक्षिणेकडे काही किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात जमिनीला भेगा पडलेल्या आढळल्या. पट्ट्याची दिशा साधारण उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैऋत्येकडे. भेगेच्या अलीकडे उभं राहून पाहावं तर पलीकडची जमीन डावीकडे सरकलेली. ही खूण मोलाची आहे. वजनानं जमीन खचली असती तर ती खाली बसली असती. इथे ती मुख्यतः आडवी सरकली होती.

वजनाचा हिशेब

पूर्ण भरलेल्या शिवाजीसागरात तेव्हा सुमारे ९८ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावायचं; पुढे दरवाजे उंचावल्यावर ते १०५ टीएमसी झालं. ९८ टीएमसी म्हणजे सुमारे पावणेतीनशे कोटी टन. आकडा ऐकून छाती दडपते. पण खडकाला एकूण टन कळत नाहीत, त्याला कळतो तो दर चौरस मीटरवर पडणारा भार.

धरणाच्या जवळ, जिथे पाणी ऐंशी मीटर खोल आहे, तिथे तळाच्या एका चौरस मीटरवर ८० टन. तलावाचा सरासरी हिशेब काढला तर पंचवीस टनांच्या आसपास. आता पाच किलोमीटर खाली जाऊ, कारण कोयनेचे बरेचसे धक्के तिथल्याच आसपासच्या खोलीवर जन्मतात. तिथे एका चौरस मीटरवर वरच्या खडकाचंच ओझं सुमारे १३,५०० टन असतं. त्यात तलावाची भर ८० टनांची, तीही पूर्ण पोचली तर. ती पूर्ण पोचत नाही, कारण तलाव लांब असला तरी अरुंद आहे आणि खाली जाता जाता त्याचा भार आजूबाजूला पसरतो. म्हणजे शंभरातला अर्धा हिस्साही नाही. धान्यानं भरलेल्या बैलगाडीवर पोरानं पाटी ठेवावी, तेवढं.

याचा अर्थ भूकवच पाण्याच्या भारानं हलत नाही असा मात्र नाही. ते हलतं, आणि मोजता येईल इतकं हलतं. अमेरिकेत हूवर धरणामागचा लेक मीड १९३५ पासून भरत गेला. १९५० पर्यंतच्या पातळीमापनात तिथली जमीन वीसेक सेंटिमीटरपर्यंत खाली बसलेली दिसली. नेपाळमध्ये हिमालयाच्या पायथ्याशी बसवलेली जीपीएस केंद्रं दर पावसाळ्यात खाली जातात आणि हिवाळ्यात वर येतात, कारण गंगेच्या मैदानावर पावसाचं पाणी चढतं आणि उतरतं. गादीवर माणूस बसावा आणि उठावा तसं.

खऱ्या भाराचं उदाहरण हवं असेल तर उत्तरेकडे स्वीडन-फिनलंडला जावं लागतं. शेवटच्या हिमयुगात तिथे सुमारे तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. एका चौरस मीटरवर २,७०० टन, आणि तोही हजारो किलोमीटर पसरलेला. रुंदी महत्त्वाची, कारण भार जितका रुंद तितका तो खोल पोचतो. त्या बर्फाखाली भूकवच शेकडो मीटर वाकलं आणि खालचं प्रावरण, जे घट्ट असूनही फार सावकाश वाहतं, बाजूला सरकलं. बर्फ वितळून दहा हजार वर्षं होत आली, तरी बोथनियाच्या आखाताचा उत्तर किनारा अजून वर्षाला आठ-नऊ मिलिमीटरनं वर येतो आहे. फिनलंडमधलं वासा हे बंदर इतकं उथळ होत गेलं की १८५२ च्या आगीनंतर गाव समुद्राच्या दिशेनं सातेक किलोमीटर हलवून वसवलं गेलं. शिवाजीसागराच्या बाबतीत प्रावरणापर्यंत काही पोचतच नाही. त्याखालचं कवच एखाद्या जाड फळीसारखं किंचित वाकतं, आणि पाणी गेलं की सरळ होतं.

मग इतक्या किरकोळ भारानं ६.३ चा भूकंप कसा?

ओल्या ओट्यावरचा ग्लास

स्वयंपाकघरात हे सगळ्यांनी पाहिलं असेल. गरम पाण्यानं धुतलेला स्टीलचा ग्लास ओल्या ओट्यावर पालथा घातला की तो आपणहून सरकायला लागतो. त्याला कुणी ढकललेलं नसतं. आत अडकलेली हवा तापून पसरते, ग्लासाचं थोडं वजन स्वतःवर घेते, कडेखालची पकड सैल होते आणि ओट्याला मोरीकडे जो किंचित उतार असतो तेवढा त्याला पुरतो. ग्लासाचं वजन बदललेलं नाही, उतारही आधीपासूनचाच. बदलली ती फक्त पकड.

भ्रंशाचं, म्हणजे खडक जिच्या बाजूनं सरकतो त्या भेगेचं, नेमकं असंच असतं. खडकाच्या दोन बाजू एकमेकींवर दाबलेल्या असतात आणि त्या दाबामुळेच घर्षण त्यांना धरून ठेवतं. त्यांच्यामधल्या बारीक भेगांत पाणी असतं. त्या पाण्याचा दाब वाढला की तो दोन्ही बाजूंना एकमेकींपासून ढकलतो, तेवढी पकड कमी होते. हबर्ट आणि रूबी या दोन अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये ही गोष्ट गणितानिशी मांडली होती. आणि ओट्याचा उतार? तो भारतीय भूपट्टाचा. हा भूपट्ट वर्षाला पाचेक सेंटिमीटर वेगानं उत्तरेकडे रेटतो आहे, त्याचा ताण थेट दख्खनच्या जुन्या भ्रंशांपर्यंत येतो. कोयनेखालचा भ्रंश आधीच सरकण्याच्या बेतात होता. म्हणून शास्त्रज्ञ म्हणतात की तलावानं हा भूकंप घडवला नाही, त्याचा चाप ओढला. शक्ती भूपट्टाची, निमित्त पाण्याचं.

तलावाचं पाणी हा दाब दोन वाटांनी वाढवतं. पहिली लगेचची: वरून भार पडला की भेगा किंचित चेपल्या जातात आणि आत असलेल्याच पाण्याचा दाब तिथल्या तिथे वाढतो. दुसरी सावकाशीची: तलावाच्या तळाशी वाढलेला दाब भेगाभेगांतून खाली झिरपत जातो, त्याला आठवडे लागतात, कधी महिने, कधी वर्षं. कोयनेच्या नोंदींत या दोन्हींच्या खुणा दिसतात. तलाव भरला की सप्टेंबरच्या सुमारास बारीक धक्के वाढतात, आणि पाऊस कधीच संपलेला असताना डिसेंबरच्या आसपास पुन्हा एकदा.

योगायोग असा की याच वर्षांत अमेरिकेत डेन्व्हरजवळ लष्करी कारखान्याचं सांडपाणी साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत दाबून सोडलं जात होतं आणि तिथेही धक्के बसत होते. १९६६ मध्ये ते थांबवलं. त्यानंतर, १९६७ मध्ये, तिथले सगळ्यात मोठे धक्के बसले. विहिरीतल्या पाण्याचं वजन तिथे मोजण्यात धरण्याइतकंही नव्हतं. होता तो नुसता दाब, आणि विहीर बंद झाल्यावरही तो खडकातून पुढे सरकतच होता. "पाणी सोडून द्या म्हणजे भूकंप थांबेल" म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

तलाव काय सांगत गेला

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोयनेच्या पातळीचे आणि धक्क्यांचे तक्ते वर्षानुवर्षं शेजारी ठेवून पाहिले. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम हेच. त्यातून दोन गोष्टी वर आल्या.

एक म्हणजे वेग. ज्या वर्षी तलाव आठवड्याला १२ मीटर, म्हणजे चाळीसेक फूट, किंवा त्याहून वेगानं चढला, त्या वर्षी ५ किंवा अधिक तीव्रतेचे धक्के बसले. १९६७, १९७३, १९८० ही ती वर्षं. असा वेग आला म्हणजे भूकंप होणारच, असं नव्हे. पण त्या काळातले मोठे धक्के या वेगाशिवाय आलेले दिसत नाहीत. वेगाचं महत्त्व समजायला अवघड नाही. पाणी हळूहळू चढलं तर वाढलेला दाब आजूबाजूला पसरून निवायला वेळ मिळतो. झपाट्यानं चढलं तर मिळत नाही.

दुसरी गोष्ट आठवणीची. मोठे धक्के बहुधा तलावाची पातळी आधीच्या सर्वोच्च पातळीच्या वर गेली तेव्हा बसले. माळ्याच्या फळीवर नवं पोतं ठेवलं की ती करकरते. तेच पोतं काढून पुन्हा ठेवलं तर गप्प राहते. त्यावर आणखी एक टाकलं की पुन्हा करकर. खडकही सोसलेल्या ताणाची अशी नोंद ठेवतो.

या निष्कर्षांची परीक्षा कुणी ठरवून घेतली नसती, ती दुसऱ्या धरणानं घेतली. कोयनेच्या दक्षिणेला पंचवीस-तीस किलोमीटरवर चांदोलीला वारणेचं धरण झालं आणि १९८५ पासून वसंतसागर भरू लागला. पुढच्या काही वर्षांत धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडे, वारणेच्या बाजूला पसरला. १९९३ मध्ये तो तलाव तोवरच्या सर्वात वरच्या पातळीला पोचला, आणि डिसेंबर १९९३ व फेब्रुवारी १९९४ मध्ये तिथे ५ च्या वरचे धक्के बसले. १९६७ नंतर "आधीचं कुणाला माहीत?" हा जो आक्षेप होता, त्याला याहून चोख उत्तर मिळणं अवघड. या वेळी यंत्रं आधीपासून चालू होती.

आजवर त्या साधारण २० गुणिले ३० किलोमीटरच्या टापूत ५ किंवा अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त, ४ किंवा अधिक तीव्रतेचे सुमारे दोनशे आणि बारीक धक्के हजारोंनी नोंदले गेले आहेत. पन्नास किलोमीटरच्या परिघात दुसरीकडे असं काही नाही. जगात इतकी वर्षं एकाच जागी चाललेलं तलावाशी निगडित भूकंपांचं दुसरं उदाहरण नाही, म्हणून जगभरचे अभ्यासक इथे येतात.

खडक हातात घेतल्यावर

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर या भागात एकवीस बोअर घेतले गेले, फक्त पाण्याची पातळी पाहण्यासाठी. त्यांतल्या काहींत पातळी रोज काही सेंटिमीटर वरखाली होते. पाऊस नाही, उपसा नाही. चंद्र-सूर्याच्या ओढीनं समुद्राला भरती येते तशी घन खडकालाही येते. खडक किंचित ताणला जातो, भेगा उघडतात, पाणी उतरतं. सैलावला की चढतं. जो खडक चंद्राला इतकं ऐकतो, त्याला शेजारच्या तलावाचं ऐकू येत नसेल असं म्हणणं कठीण आहे.

त्याहून खोल जायचं ठरलं ते अलीकडे. कऱ्हाडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल प्रयोगशाळा उभी राहिली. आधी दीडेक किलोमीटर खोलीचे नऊ बोअर झाले आणि मग २०१६-१७ मध्ये सह्याद्रीच्या जंगलात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल बोअर गेलं. वरचे सुमारे १,२४७ मीटर आपला ओळखीचा काळा कातळ, बेसाल्ट. त्याखाली थेट ग्रॅनाइट. मध्ये गाळाचा थर नाही.

या बोअरमधून काढलेले दगडाचे लांब दांडे पाहिले की बेसाल्टचा वरचा भाग लगेच ओळखू येतो: लाव्हा थंड होताना राहिलेली छिद्रं, त्यांत भरलेली पांढरी खनिजं. खाली आलं की दगडाचा चेहराच बदलतो. करडा-गुलाबी, दाणेदार, पट्टे असलेला. भूकंप जन्मतात ते या दुसऱ्या दगडात. आपण सह्याद्री म्हणतो तो त्यावरची टोपी आहे.

कोयनेचं पाणी दरवर्षी किती चढ-उतार करतं हेही लक्षात घ्यायला हवं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरलेला तलाव मे अखेरीस तीस मीटरहून जास्त खाली जातो. पाणीवाटप लवादानं वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला दिलेलं पाणीच वर्षाला ६७.५ टीएमसी आहे, म्हणजे १९० कोटी टन. सह्याद्रीच्या पूर्वेला साठलेला हा भार पोफळीच्या वीजघरातून वाशिष्ठीत जातो आणि चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळतो. भूकवच दर वर्षी वाकतं आणि सरळ होतं, भेगांमधला दाब चढतो आणि उतरतो, आणि हे साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

१९७० च्या नकाशात कोयनेचा भाग एकदम चौथ्या विभागात गेला, म्हणजे जास्त धोक्याच्या. अशा भागात घर बांधायचं तर भिंतीच्या वरच्या अंगाला काँक्रीटचा सलग पट्टा हवा, कोपरे बांधलेले हवेत, दगड मातीत नव्हे तर सिमेंटच्या मसाल्यात बसवलेले हवेत. त्या पहाटे माणसं मेली ती घरांखाली. धरणासाठी ज्यांनी जमिनी दिल्या, त्याच खोऱ्यानं भूकंपही सोसला, आणि तिथल्या प्रत्येक जुन्या घराला हा पट्टा घालून देणं हे मला वीज वापरणाऱ्या साऱ्या महाराष्ट्राचं देणं वाटतं.

पावसाळ्यात वर्तमानपत्रं रोज छापतात: नवजाला किती मिलिमीटर, आवक किती क्युसेक, साठा किती टीएमसी, सहा वक्री दरवाजे किती फुटांवर. हे सगळं पुरासाठी. आठवड्यात तलाव किती चढला हा आकडा मात्र त्यात नसतो. तो काढायला अवघड नाही. या सोमवारच्या पातळीतून मागच्या सोमवारची पातळी वजा करायची. २,१६३ फूट ६ इंच ही पूर्ण पातळी. तिथे पोचण्याआधी कुठल्याही आठवड्यात ती वजाबाकी चाळीस फुटांजवळ आली, तर त्या आठवड्याचे भूकंपाचे आलेख जास्त बारकाईनं पाहायला हवेत.